मेंदूचं सोवळं

आलुबोंडा तोंडाशी नेला आणि तोंड उघडलंच नाही. वाशीमच्या एस.टी. स्टँडसमोरच्या गाडीवर मी उभा होतो, कॉलेजात प्राणिशास्त्राचा तास घ्यायचा होता, हातात कागदावर गरम आलुबोंडा आणि त्यावर तळलेली मिरची. भूक सडकून लागलेली. जबडा मात्र अर्धवट उघडून अडला, गंजलेल्या बिजागरीसारखा. मला गंमत वाटली. पस्तिशीच्या माणसाला अक्कलदाढ येत असेल तर येऊ दे बापडी, उशिरा का होईना, असं मी स्वतःशी म्हणालो आणि बोंड्याचे तुकडे करून दातांच्या फटीतून आत सरकवले. गाडीवाला बघत होता. "सर, दात दुखून राह्यला काय?" मी मान हलवली, तर मानही जराशी कुरकुरली. डॉक्टर मंडळी सोडली तर या गावात हे ज्याला चटकन कळावं असा बहुधा मी एकटाच असेन. आणि मला काय सुचली, तर अक्कलदाढ. पैसे दिले, हात पुसले आणि कॉलेजात गेलो.

त्या दिवशी तासाला मेंदूच होता. हा भाग मी दरवर्षी एकाच वाक्यानं सुरू करतो. मेंदू म्हणजे शरीरातला सोवळ्यातला माणूस. बाकी सगळ्या अंगात रक्तवाहिन्यांच्या भिंती थोड्याफार झिरपतात, रक्तातलं बरंच काही बाहेर येतं, देवाणघेवाण चालते. मेंदूतल्या वाहिन्यांच्या पेशी मात्र एकमेकींना अशा चिकटून बसलेल्या की मधे फट म्हणून नाही. साखरेला आत घेतात, तिच्यासाठी खास दार आहे, कारण तिच्यावाचून यांचं पान हलत नाही. दारू तर कोणाला न विचारता आत जाते, हे पोरांना लगेच समजतं, मागच्या बाकांवर हशा होतो. पण प्रथिनं, रक्तातले हे थोराड कष्टाळू रेणू, जे ओझी वाहतात, जंतूंशी लढतात, जखमा बुजवतात, त्यांना बाहेरच उभं राहावं लागतं. एका विद्यार्थ्याच्या वडिलांना हे उदाहरण झोंबलं होतं. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "पडघान, उदाहरण बदला ना. शास्त्रात सोवळं कशाला आणता?" मी म्हणालो, तुम्ही दुसरं सुचवा, मी ते सांगेन. त्यांना सुचलं नाही. मला माहीत होतं सुचणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला फार आनंद झाला होता. तर त्या दिवशी फळ्यासमोर उभा राहून मी तेच वाक्य म्हणायला गेलो आणि 'सोवळ्यातला'वर ओठ गोल होईनात. शब्द दातांतून शीळ घातल्यासारखा आला. पोरांना वाटलं सर कोणाची तरी नक्कल करताहेत. वर्ग हसला. मी पुन्हा म्हणालो, पुन्हा तसाच आला, वर्ग पुन्हा हसला, आणि मी हातातला खडू खाली ठेवला.

नागपूरला एम.एस्सी.ला असताना मी उंदराच्या शेपटीच्या शिरेत निळा रंग टोचला होता. हा रंग रक्तातल्या प्रथिनाला घट्ट धरून बसतो, म्हणजे प्रथिन जिथं जाईल तिथं निळं. बघता बघता उंदराचे कान निळे झाले, पंजे निळे झाले, नाकाचा शेंडा निळा झाला. मग त्याला मारून उघडलं. यकृत निळं, आतडी निळी, स्नायू निळे. शेवटी कवटी उघडली, आणि आत मेंदू खोबऱ्यासारखा पांढरा. एवढा निळा कहर अंगभर झाला आणि याला खबर नाही. मी कितीतरी वेळ त्या पांढऱ्या गोळ्याकडे पाहत राहिलो. मला धन्य वगैरे वाटलं नाही, मला राग आला. आमच्या गावची विहीर आठवली. छप्पन सालाच्या आधीची गोष्ट, आई घागर घेऊन विहिरीपासून लांब बसायची, कोणी दया करून वरून ओतेल तेव्हा पाणी. पण राग ओसरल्यावर प्रश्न पडला आणि तो सुटेना. इतकं मोठं शरीर, त्याचे निरोप प्रथिनांतून फिरतात, मग मेंदूला यातलं काहीच लागत नाही? एखादं तरी प्रथिन आत जातच असणार. कसं जात असेल? पेशी त्याला पोटात घेऊन पलीकडे सोडत असेल? ओळख विचारत असेल? यावर काम करायचं म्हणून मी सरांकडे गेलो. ते चष्मा काढून म्हणाले, "पडघान, इतकं वर कशाला बघता? मासे घ्या, माशांवर भरपूर काम आहे." मी मासे घेतले नाहीत. वाशीमला नोकरी घेतली, मामाच्याच मुलीशी, विजयमालाशी लग्न केलं, आणि प्रश्न वर्गात दरवर्षी एकदा पोरांपुढे टाकू लागलो. परीक्षेला येणार नाही हे कळलं की पोरं तो लिहून घेत नसत.

आलुबोंड्याच्या दिवशी संध्याकाळी पाण्याचा घोट घशाशी अडून नाकातून परत आला. विजयमाला गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती, ती धावत आली. मी बोलू शकत होतो अजून, दातांवर दात ठेवून. मी म्हटलं, पाय. तिला कळेना. मी पुन्हा म्हटलं, पाय पाहा. जऊळक्याजवळ आमचं गाव आहे, तिथं आई राहते. मागच्या खेपेला शेतातून येताना कपाशीच्या पऱ्हाटीचा खुंट चपलेतून आरपार तळव्यात घुसला होता. आईनं खुंट उपसला, बिब्बा तापवून चटका दिला, वरून चिंधी बांधली, आणि मी शास्त्राचा माणूस, आईच्या हाताचा चटका कसा झणझणतो याची मजा घेत बसलो. जखम वरून छान मिटली होती, आत अंधार आणि माती ठेवून. विजयमालानं तळवा पाहिला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. शिक्षिका आहे ती, शाळेत आरोग्याचा धडा शिकवते. "धनुर्वात?" असं तिनं विचारलं ते इतक्या हळू की मला तिचे ओठच दिसले. मग रिक्षा, मग दवाखाना, मग ही खोली.

खोली इमारतीच्या टोकाला आहे. खिडकीवर घोंगडी टांगली आहे. उजेड नको, आवाज नको, स्पर्श नको. बाहेर कोणाच्या हातून बादली आपटली की माझी पाठ कमानीसारखी वर उचलली जाते, टाचा आणि डोकं एवढंच खाटेला टेकतं, फासळ्या आवळतात, श्वास दारात अडकतो, आणि कोणीतरी आतून प्रत्येक स्नायू पिळून वाळत घालावा तसं होतं. मग उतरतं. मग मी पुढच्या बादलीची वाट पाहतो. झोपेचं औषध देतात, त्यानं थोडं धुकं येतं, पण शुद्ध जात नाही. या रोगात शुद्ध जात नाही. विष मज्जारज्जूत बसून सगळ्या तारा ओढतं, विचार करणाऱ्या मेंदूच्या केसालाही धक्का लावत नाही. माझं डोकं लख्ख आहे. इतकं लख्ख ते नागपूरलाही नव्हतं. हे विष म्हणजे तेही एक प्रथिनच, नियमानं त्यालाही आत प्रवेश नाही. पण ते रक्ताच्या वाटेनं येतच नाही. तळव्याच्या जखमेत नसेचं टोक सापडतं, त्यात शिरतं आणि नसेच्या आतून, पोटरीतून, मांडीतून, चढत चढत कण्यापर्यंत येतं. आणि त्यावरचा उतारा, घोड्याच्या रक्तातून काढलेला, तोही प्रथिनच, तो माझ्या दंडाच्या शिरेतून टोचला आहे. तो बिचारा माझ्या रक्तात गोल गोल फिरतो आहे. जखमेतलं विष मारत असेल, रक्तातलं मारत असेल. कण्याशी आला की पेशींची ती भिंत. चोर मागच्या जिन्यानं माडीवर, आणि शिपाई पुढच्या दाराची कडी वाजवतोय. मी हे शिकवलं आहे, याच्यावर प्रश्न काढले आहेत, आणि आता स्वतः त्याचं उत्तर होऊन पडलो आहे. मला मरायची भीती वाटते. खूप वाटते.

डॉक्टर सैफुद्दीन माझा विद्यार्थी. कारंज्याच्या कापडवाल्यांचा मुलगा, इथं खोली करून शिकायला होता. मेडिकलला जायच्या आधी माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायचा आणि दारूच्या वाक्याला न हसणारा तो एकटाच. सकाळी तो अनवाणी आत आला, चपला बाहेर काढून, आवाज होऊ नये म्हणून. माझ्या कानाशी वाकला. "सर, शिरेतून दिलेलं कुठं थांबते हे तुमीच सांगतलं होतं. मणक्यातून देऊन पाहू का? डायरेक्ट तिकडच्या पाण्यात. काही ठिकाणी देऊन राह्यले लोक. गॅरंटी नाही सर, झूठ नाही बोलणार. जे चिकटलं ते चिकटलं, पण मागून येणाऱ्याले तरी अडवता येईन." मला इतका आनंद झाला की तो अंगभर उसळला आणि त्याच आनंदानं आचका आला. पाठ उचलली गेली. उतरल्यावर पाहिलं तर सैफुद्दीनचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला, "घरच्यांले विचारतो." मी त्याला सांगत होतो की विचारू नकोस, दे. मी ओरडून सांगत होतो. दाताला दात लागलेले होते आणि माझ्या नाकातून नुसती घरघर बाहेर पडत होती.

दाराबाहेर आई आणि विजयमाला बसलेल्या असतात. आई जऊळक्याहून गाडीनं आली, येताना गाठोड्यात भाकरी घेऊन, मला खाता येत नाही हे कळल्यावर ते गाठोडं तिनं सोडलंच नाही. सैफुद्दीन हलक्या आवाजात बोलत होता, पण या खोलीत मला मुंगी चाललेलीही ऐकू येते.

"मावशी, पाठीच्या मणक्यातून सुई द्याची आहे."

"नाई," आई म्हणाली.

"ऐकून तं घ्या."

"माह्या पंजाबले दिल्ती तशी. पाठीतून पानी काढलं अन् पोट्टं गेलं. याले मी देऊ देनार नाई."

पंजाब म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो तापानं फणफणलेला, मान ताठ झालेली, असा मोठ्या दवाखान्यात नेला तेव्हाच हातचा गेला होता. डॉक्टरांनी तपासायला पाणी काढलं आणि त्याच संध्याकाळी तो गेला. ताप मेंदूत गेला होता, सुईनं काही झालं नाही, हे मी आईला मोठेपणी किती वेळा समजावलं असेल. ती नीट ऐकून घ्यायची, हुंकार द्यायची, आणि शेवटी म्हणायची, "तरी सुई देल्यावरच गेला ना बापा." दोन गोष्टी एकामागून एक घडल्या की पहिलीनं दुसरी केली असं सगळ्यांनाच वाटतं, मोठमोठ्या शास्त्रज्ञांना वाटतं. मग जिच्या मांडीवर पोरगं गेलं तिला काय सांगायचं!

"आत्या," विजयमालाचा आवाज आला, "तो रोग येगळा व्हता. डॉक्टर सांगून राह्यले ना."

"मंग त्यालेच इचार. शुद्धीत हाये म्हन्ता ना? इचार त्याले."

तिघं आत आली. विजयमाला माझ्या तोंडाजवळ आली, तिच्या केसांचा वास आला, आणि मला अगदी निर्लज्जपणे जगावंसं वाटलं. ती म्हणाली, "मणक्यातून सुई द्याची का? व्हय असन तं डोळे मिटा." शहाणी माझी बायको. मी डोळे मिटले. घट्ट मिटले आणि मिटूनच ठेवले, संशयाला जागा नको म्हणून, पुन्हा पुन्हा व्हय म्हणावं तसे.

"झोपला," आई म्हणाली. "त्या औषिदानं गुंगी येऊन राह्यली. झोपू दे त्याले."

मी घाबरून डोळे उघडले. उघडले ते तिच्याच चेहऱ्यासमोर. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती, आणि पाहता पाहता तिचा चेहरा बदलला, मऊ झाला. या रोगात कपाळाचे स्नायू आखडतात, भुवया वर चढतात आणि तिथंच राहतात. ओठांचे कोपरे मागे ओढले जातात. पुस्तकात याला हसू म्हटलं आहे. मी स्वतःला पाहिलेलं नाही, इथं आरसा नाही, पण मी कसा दिसत असेन हे आईच्या तोंडाकडे पाहून मला समजलं. मी माझ्या बापासारखा दिसत होतो.

माझा बाप ग्यानबा. तो फारसा बोलायचा नाही, आणि 'नाही' तर तोंडानं कधीच म्हणायचा नाही. दीक्षा घेऊन आलो त्या वर्षी गावात पाटलाचा बैल मेला. गडी बोलवायला आला, ग्यानबा, चाल, वढून न्याचा हाये. बाप बाजेवर बसला होता. त्यानं गड्याकडे पाहिलं, भुवया वर केल्या आणि ओठ मागे ओढून थोडंसं हसला. बस. गडी वाट पाहत उभा राहिला, मग तो चिडला, मग घाबरला, मग निघून गेला. पुढं गावात काम मिळेना झालं, आम्ही कारंज्याला कापसाच्या जिनात मजुरीला गेलो, आणि तिथं मी शाळेत गेलो. मी जो काही आहे तो त्या भुवयांमुळे आहे. आई ही गोष्ट आल्यागेल्याला सांगते. सांगताना स्वतः भुवया वर करून दाखवते. आमच्या घरात दागिना नाही, शेताचा तुकडा तेवढा आहे, आणि हे 'नाही' आहे.

"पाहा," आई विजयमालाला म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतका अभिमान होता की मला रडू आलं, म्हणजे आतल्या आत आलं, "पाहा, नाई म्हनून राह्यला. याच्या बापानं असंच म्हतलं व्हतं."

"मावशी, ते बीमारीनं होते," सैफुद्दीन म्हणाला. "हासनं नाही ते. भुवया त्याईनं नाही चढवल्या."

"डाक्टर, तू काल आला. मी याच्या बापासंग जलम काढला. मले शिकवू नको." मग तिला त्याची दया आली असावी, कारण ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "तू चांगला हायेस बापा. पन माहा लेक नाई म्हनते."

 विजयमालानं माझे मिटलेले डोळे पाहिले होते. तिला ते 'व्हय' वाटलं होतं की झोप, हे मला तिच्या चेहऱ्यावर शोधता येईना. मी पुन्हा डोळे मिटणार तोच बाहेर कुठंतरी दार आपटलं आणि आचका आला. तो पहिल्यापेक्षा लांब होता. त्यात मला काही वेळ श्वास नव्हता, आणि त्या वेळातही माझं डोकं स्वच्छपणे विचार करत होतं की हा असाच आणखी थोडा लांबला की संपलं. उतरला तेव्हा तिघंही बाहेर होती. सैफुद्दीन भराभर बोलत होता, आता थांबता येणार नाही, बायको म्हणून तुमी हो म्हणा वहिनी, मी देतो. आणि विजयमाला म्हणाली, "द्या."

नर्सनं ट्रेमध्ये बाटली आणि लांब सुई आणून सैफुद्दीनच्या हातात दिली. तेवढ्यात आईनं दारात बसकण मारली. पाय लांब केले, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, लुगडं घोट्यापर्यंत ओढून घेतलं आणि पाठ चौकटीला टेकवली. "मले ओलांडून जा," ती म्हणाली. आरडाओरडा नाही, माझ्यासाठी हळूच म्हणाली. आमच्याकडे बसल्या माणसाला ओलांडत नाहीत. खेळता खेळता पोरानं कोणाला ओलांडलं तरी त्याला माघारी बोलावून उलट ओलांडायला लावतात. आणि म्हातारीचे पसरलेले पाय ओलांडणं तर कोणाच्या घरात बसत नाही, सैफुद्दीनच्याही नाही. तो ट्रे घेऊन तसाच उभा राहिला. त्यानं एकदा वाकून तिच्या खांद्याला हात लावला, "मावशी, उठा," आणि तिनं तो हात हळूच बाजूला केला. नर्स भिंतीकडे पाहू लागली. मेंदूच्या वाहिन्यांच्या भिंतीतल्या त्या पेशी अशाच बसत असतील, एकीला एक चिकटून, आतल्याला काही होऊ नये म्हणून पाय ताणून. मला आईचा राग येत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला तिचा भयंकर राग येतो आहे, आणि तिच्या त्या पसरलेल्या पायांवर डोकं ठेवून रडावंसंही वाटतं आहे.

विजयमाला पुढं झाली. तिनं ट्रे सैफुद्दीनच्या हातून आपल्याकडे घेतला, एका हातानं निऱ्या वर धरल्या आणि आत्याच्या पायांशी आली. आई वर पाहत नव्हती. विजयमालानं पाय उचलला. मी मनात ओरडत होतो, ये, विजू, ओलांड, पाप लागलं तर मला लागू दे, ये. तिचा पाय आईच्या गुडघ्यांवर आला, अधांतरी, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. घरात काही महत्त्वाचं करायच्या आधी ती माझ्याकडे पाहते तसं. मी जीव एकवटून पापण्यांना खाली बोलावलं. त्या थरथरल्या, पण भुवयांनी त्यांना धरून ठेवलं, आणि ओठ आणखी मागे ओढले गेले. विजयमाला पाहत राहिली. मग तिनं पाय माघारी घेतला आणि बाहेर ठेवला.